ग्राफीनचा धागा तुटतो कुठं?

ताणाबाणा, विटा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथला वाचक जुना आहे, चर्चेचा धागा पहिल्यांदाच काढतोय. घर विट्याचं. वडिलांचं सायझिंग, म्हणजे मागावर जाणाऱ्या सुताला खळ लावायचं काम, चुलत्यांचे माग. मी टेक्सटाइल शिकलो आणि एम.टेक.चं जवळजवळ दीड वर्ष ग्राफीनचे तंतू ओढण्यात गेलं. परवा इथल्याच एका चर्चेत "ग्राफीन पोलादाच्या दोनशे पट मजबूत" असं वाचलं आणि राहवलं नाही. वाक्य खोटं नाही, पण ते एका सूक्ष्म, निर्दोष पापुद्र्याबद्दल आहे. त्या पापुद्र्यांचा धागा केला की काय होतं, हे कुणी सांगत नाही. मला तेच सांगायचंय.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलत सोलत तो वेगळा केला. २०१० चं नोबेल त्यासाठीच. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात असा थर बारीक भोकावर ताणून बसवला आणि वरून सूक्ष्म टोकानं दाबून मोजला, तेव्हा बळकटी निघाली सुमारे १३० गिगापास्कल. आपल्या हिशेबात सांगायचं तर एक चौरस मिलिमीटर छेदाची तार त्या बळकटीची असती, तर तिला साधारण १३ टन टांगता आले असते. म्हणजे उसाची भरलेली ट्रॉली, एका तारेला.

आता खरा तंतू. २०११ साली चीनच्या झेजियांग विद्यापीठात गाओ चाओ यांच्या गटानं पहिल्यांदा मीटर-मीटर लांबीचे ग्राफीन तंतू ओढले. बळकटी होती १४० मेगापास्कल. त्याच एक चौरस मिलिमीटरच्या हिशेबानं १४ किलो. ज्वारीचं अर्धं पोतंसुद्धा नाही.

पदार्थ तोच, अणू तेच. मग बाकीचं बळ गेलं कुठं?

आईकडचे आजोबा तासगावकडचे. बेंदराच्या आधी बैलांचे कासरे, दावी, वेसण सगळं नवं व्हायचं आणि ते केकताडाच्या वाखाचे दोर घरीच वळायचे. वाखाची एक काडी दोन-अडीच हात, दोर मात्र वीस हात. एकही काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. गॅलिलिओनंही १६३८ साली छापून आलेल्या ग्रंथात हाच प्रश्न विचारलाय: दोन-तीन हात लांबीच्या तंतूंचा शंभर हात दोर इतका बळकट कसा? उत्तर पिळात आहे. दोर ओढला की पीळ आवळतो, वाख एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं. तुम्ही जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. तरी आजोबा मला सारखं सांगायचे, "लई पीळ देऊ नगंस. दोर कडक हुतो आन् गाठीत तुटतो." कापसाच्या सुतालाही हेच लागू आहे. पीळ वाढवत नेला की एका मर्यादेपर्यंत सूत बळकट होतं, तिथून पुढं उलट कमजोर होत जातं.

ग्राफीनचा तंतू म्हणजे असाच आखूड काड्यांचा दोर. फक्त इथं काडीऐवजी पापुद्रा आहे, काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फार तर शंभरेक मायक्रॉन रुंद, आणि असे असंख्य पापुद्रे एकावर एक रचलेले. असा तंतू तुटतो तेव्हा बहुतेक पापुद्रे फाटत नाहीत, एकमेकांवरून घसरून बाहेर येतात. ग्राफाइट शिसपेन्सिलीत का घालतात? त्याचे थर सहज सुटतात म्हणून. त्या गुणावर आपण अक्षरं काढायला शिकलो, आणि तंतू ओढायला बसलो की तोच आडवा येतो.

बळकटी हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा चिवटपणाचा. किती ओढ सोसतो ती बळकटी, आणि तुटेपर्यंत किती ऊर्जा जिरवतो तो चिवटपणा. काचेचा ताजा ओढलेला तंतू भलताच बळकट असतो, पण एक ओरखडा पडला की संपला. ग्राफीनही त्याच जातीचं. आधीच चीर असलेला थर ताणून २०१४ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पाहिलं, तर तो ठिसूळ पदार्थासारखा झटक्यात फाटत गेला. एखादी वस्तू बळकट करायला जावं तर चिवटपणा जातो, चिवट करावी तर बळ जातं. धातूवाले, प्लास्टिकवाले, आम्ही कापडवाले, सगळे याच ओढाताणीत.

निसर्गाला मात्र दोन्ही एकत्र साधलंय. कृष्णेत सापडणारा शिंपला घ्या. आतली चकचकीत बाजू म्हणजे मौक्तिक थर. त्यात सुमारे ९५ टक्के अॅरागोनाइट, म्हणजे खडूच्याच कुळातलं खनिज, आणि जेमतेम ५ टक्के प्रथिनं वगैरे सेंद्रिय माल. खनिजाच्या अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या विटांसारख्या सांधे चुकवून रचलेल्या, आणि मध्ये प्रथिनाचा पातळ लेप. नुसतं खनिज मोडायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास ३,००० पट ऊर्जा हा थर मोडायला लागते. चीर सरळ पळू शकत नाही. प्रत्येक चकतीपाशी तिला वळावं लागतं, चकत्या किंचित सरकतात, लेप ताणला जातो. १९९९ साली कॅलिफोर्नियात अबालोन शिंपल्यातलं हे प्रथिन एकेक रेणू धरून ओढून पाहिलं गेलं. ते एकदम तुटत नाही. त्याच्या घड्या एकामागून एक उलगडतात आणि प्रत्येक घडी थोडी ऊर्जा खाते.

हे सगळं वाचूनही मी चुकलो, ते सांगतो. माझे पापुद्रे घसरत होते, म्हणून मी ते एकमेकांना रसायनानं पक्के बांधून टाकले, जितके सांधे घालता येतील तितके. तंतू ताठ झाले. आकडा पाहून मी खूश. मग ते रिळावर गुंडाळायला गेलो तर कडाकड मोडले, वीतभर लांबीचा एकही तुकडा हाती राहिला नाही. महिन्याचं काम गेलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "खळ कमी झाली की सूत पिंजतंय, आन् लई झाली की मागावर मोडतंय. मधलं कुठंतरी गाठायचं आसतंय."

आमच्या सायझिंगच्या टाकीतली गोष्ट मी प्रयोगशाळेत वर्षभर शोधत होतो. सांधा धरायला हवा, आणि ओढ वाढली की मोडण्याआधी थोडा सरकायलाही हवा. गाओ यांच्याच गटानं २०१३ साली ग्राफीनच्या पापुद्र्यांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा लेप देऊन मौक्तिकाच्या धर्तीचे किलोमीटरभर लांबीचे तंतू ओढले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल सायझिंगवाल्यांना नवं नाही, खळीत ते कितीतरी वर्षं पडतंय.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

पायवाट | रविवार, रात्री ११:४०

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कृष्णाकाठ, सांगली | सोमवार, सकाळी ७:०५

उत्तम लिहिलंत. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातला एक प्रयोग आठवला. दोन शंभरपानी वह्या घ्यायच्या, एकीचं एक पान, दुसरीचं एक पान असं करत सगळी पानं एकमेकांत सरकवायची. डिंक नाही, टाचणी नाही. मग आठवीची आडदांड मुलं दोन्ही बाजूंनी ओढायची. वह्या सुटत नसत, पुठ्ठेच फाटून हातात यायचे. आता माझी शंका अशी की तुमचे पापुद्रे कागदापेक्षा कितीतरी पातळ, त्यांची संख्या अफाट. मग त्यांना लेप लागतोच कशाला? नुसत्या घर्षणावर का धरत नाहीत?

ताणाबाणा | सोमवार, दुपारी १:३०

सर, वह्यांची पानं जिथं गुंतलेली असतात तिथं जाडी दुप्पट होते, म्हणून पानं शिवणीकडून तिथवर जाताना थोडी तिरकी जातात. ओढलं की तो तिरकेपणा पानांना एकमेकांवर दाबतो. म्हणजे तिथंही दोराच्या पिळासारखंच चाललंय, ओढच पकड वाढवते. तंतूत पापुद्रे जवळजवळ समांतर पडलेले असतात, ओढलं तरी कुणी कुणाला दाबत नाही. शिवाय स्वच्छ ग्राफीनचा पृष्ठभाग अणूच्या पातळीवर इतका गुळगुळीत की अडकायला जागाच नाही.

मग हातात उरतं काय? एक, एकमेकांवर किती लांब चढवायचं. दोन, मध्ये काय घालायचं. पहिल्याचं उदाहरण २०१३ चं. झेजियांगच्याच गटानं मोठमोठे पापुद्रे वापरले. पापुद्रा मोठा म्हणजे टोकं कमी आणि एकमेकांवरचा चढाव जास्त. वर कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सांध्यात घातले. बळकटी गेली अर्ध्या गिगापास्कलवर. आपल्या हिशेबात १४ किलोंचे ५१ किलो झाले.

पण नुसते मोठे पापुद्रे घेतले की मध्ये पोकळ्या राहतात. साताऱ्याकडच्या कुठल्याही जुन्या दगडी भिंतीपाशी उभं राहून बघा. मोठ्या दगडांच्या मध्ये कपच्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या काढल्या तर भिंत डुगडुगेल. २०१५ साली अमेरिकेत रेन्सेलर इन्स्टिट्यूटमध्ये नेमकं हेच केलं. मोठ्या पापुद्र्यांत छोटे मिसळले, छोट्यांनी फटी भरल्या. बळकटी १ गिगापास्कलच्या पुढं, म्हणजे ११० किलो, आणि उष्णतावहन तांब्याच्या तिप्पट.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी २:१०

पानं तिरकी जातात हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. आत्ता दोन वह्या घेऊन बसलो आणि कडेनं पाहिलं. खरंच आहे. धन्यवाद.

शंकासुर, सातारा | सोमवार, रात्री ९:२२

लेख आवडला, पण एक स्पष्ट विचारतो. कार्बन फायबर आपल्याकडे आधीच आहे. त्यातला चांगला प्रकार ६ गिगापास्कलच्या वर जातो, बाजारात विकत मिळतो, विमानात बसलाय. तुमचा ग्राफीनचा तंतू आत्ताशी १ वर. "चमत्कारी पदार्थ" ऐकून कान किटले. यात नवं काय आहे ते सांगा.

ताणाबाणा | सोमवार, रात्री ११:०५

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१६ साली तंतू ३,००० अंशांपर्यंत तापवून, आतले दोष शक्य तितके घालवून २.२ गिगापास्कल गाठले, म्हणजे २२४ किलो. २०२० मध्ये कातताना तंतू मऊ करून ताणला आणि ३.४ पर्यंत नेला. नुसत्या ओढीच्या बळावर उत्तम कार्बन फायबर अजून पुढंच आहे.

पण २०१६ च्या त्या तंतूचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बळकटी २.२ गिगापास्कल आणि ताठरपणा, म्हणजे लांबायला किती विरोध करतो ते, ४०० गिगापास्कल. भागाकार केला की तुटेपर्यंत किती लांबतो ते मिळतं, साधारण अर्धा टक्का. एक मीटर तंतू साडेपाच मिलिमीटर लांबला की तुटला. कोळ्याचा टांगता धागा एका मीटरला पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबतो आणि मग तुटतो. घोडं इथं पेंड खातं.

असं का होतं, यातच मला खरा रस आहे. आपण ग्राफीन थेट काततच नाही, कारण ते पाण्यात विरत नाही. आधी त्याचं ऑक्साइड करतो. पापुद्र्यावर ऑक्सिजनचे गट येतात, त्यामुळं तो पाण्यात सुखानं तरंगतो आणि शेजारच्या पापुद्र्याला हायड्रोजन बंधांनी धरतो. हा बंध एकेकटा कमजोर असतो. ओढ आली की सुटतो, पापुद्रा जरा सरकला की पुढच्या जागी पुन्हा जुळतो. धर, सोड, धर. चिवटपणा इथूनच येतो. मग आपण तंतू भट्टीत घालतो, ऑक्सिजन उडून जातो, पापुद्रे शुद्ध होतात, बळ आणि वहन वाढतं. आणि ज्या बंधांनी सरकत सरकत धरलं होतं तेही ऑक्सिजनबरोबर गेलेले असतात.

चिवटपणात काय शक्य आहे तेही सांगतो. २०१२ साली दक्षिण कोरियाच्या हानयांग विद्यापीठात ग्राफीनचे पापुद्रे आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या एकत्र करून त्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये कातल्या. पापुद्रे आणि नळ्या आपोआप एका रांगेत लागल्या. एक ग्रॅम तंतू तोडायला जवळपास १,००० ज्यूल लागले. कोळ्याच्या धाग्याला १६५ लागतात, बुलेटप्रूफ जाकिटातल्या केव्हलारला ७८. त्यातला प्रत्येक घटक जुनाच होता. आकडा वाढला तो रचनेनं आणि मधल्या लेपानं. माझ्या मते नवं आहे ते हेच. कार्बन फायबरमध्ये आतले सांधे आपल्या मर्जीनं बदलायला फारसा वाव राहत नाही. इथं प्रत्येक पापुद्रा वेगळा हातात असतो, त्याला काय चिकटवायचं, कुठं, किती, हे आपण ठरवू शकतो.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:१५

पटलं. विशेषतः भागाकार. मी आजवर फक्त बळकटीचा आकडा पाहत होतो.

तुतीवाला, वाळवा तालुका | मंगळवार, दुपारी १२:५०

राम राम. दीड एकर तुती हाय, कोष काढतो. एका कोषातनं हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो, आन् त्यात बी दोन भाग असत्यात. आतला धागा आन् त्यावरचा चिकट डिंक. रीलिंगला कोष गरम पाण्यात टाकला की डिंक सुटतो आन् मग टोक सापडतं. तुमचं "सांधा धरायला हवा आन् सरकायला बी हवा" वाचलं आन् वाटलं, अळीला हे कुणी शिकवलं आसंल! एक विचारायचं हुतं. आमच्यातला एकजण म्हणाला, चीनमध्ये अळ्यांस्नी ग्राफीन खायला घातलंय. खरं का?

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ९:३५

खरं आहे, दादा. २०१६ साली बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात तुतीच्या पानांवर ०.२ टक्के ग्राफीन किंवा कार्बनच्या नळ्या असलेलं पाणी फवारलं आणि ती पानं अळ्यांना दिली. त्यांच्या रेशमानं तुटण्याआधी दीडपट ओढ सोसली. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीच्या त्रेंतो विद्यापीठातल्या संशोधकांनी कोळ्यांवर असाच प्रयोग केला होता. मात्र तुम्ही तुमच्या अळ्यांवर हे करू नका, एक पीक म्हणजे महिन्याचं उत्पन्न आहे.

अळी आणि कोळी यांच्याकडून मला जास्त मोलाचं वाटतं ते धागा काढण्याचं तंत्र. कोळ्याच्या पोटात प्रथिनाचा दाट द्राव असतो, आणि त्यातले रेणू आधीच एका दिशेला कलायला लागलेले असतात. याला द्रव-स्फटिक म्हणतात, वाहतं खरं पण आत रांग असते. हा द्राव निमुळत्या नळीतून जाताना ताणला जातो, पाणी काढून घेतलं जातं, आम्लता बदलते आणि बाहेर येईतो घट्ट धागा. आत चिमुकले कडक स्फटिक आणि त्यांच्यामध्ये मऊ, गुंडाळलेल्या साखळ्या. स्फटिक धरतात, साखळ्या उलगडतात. आणि हे सगळं साध्या हवेच्या तापमानाला, पाण्यात. आम्हाला ३,००० अंशांची भट्टी लागते.

ग्राफीन ऑक्साइडचा दाट द्रावही असाच द्रव-स्फटिक होतो. पहिल्यांदा पाहिलं ती रात्र अजून आठवते. धुऊन धुऊन आम्ल निघालं तसा द्राव काकवीसारखा दाट झाला. बाटली दोन पोलरायझरच्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांच्या) मध्ये धरली आणि त्या काळपट काकवीत लख्ख पट्टे उमटले. बाटली कलती केली की पट्टे वाहायचे. लाखो पापुद्रे कुणी न सांगता रांगेत उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चुलीपाशी, कराड | बुधवार, सकाळी १०:२०

मला गिगापास्कल कळत नाहीत, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. तुम्ही वर म्हणालात कॅल्शियम घातलं की सांधे बळकट होतात. आम्ही कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतो. न ठेवल्या तर पाकात शिजताना लगदा होतो, ठेवल्या तर फोड अखंड राहते आणि चावताना कुरकुरीत लागते. चुन्यात कॅल्शियम असतं ना? हे तेच का?

ताणाबाणा | बुधवार, दुपारी १:१५

ताई, अगदी तेच आहे! कोहळ्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन असतं. त्याच्या साखळीवर आम्लाचे गट असतात. कॅल्शियमच्या आयनाला दोन धन भार, म्हणून तो एका हातानं ही साखळी आणि दुसऱ्या हातानं ती साखळी धरतो. ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांच्या कडांवर याच जातीचे आम्लगट असतात. आम्ही तो दाट द्राव सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडतो, आणि सुईतून बाहेर पडता पडता त्याचा तंतू होतो. माझी निवळी बाजारातून आणलेल्या क्षाराची, तुमची चुन्याची, एवढाच फरक.

आणि निवळीत फार वेळ ठेवलं तर फोड कशी लागते?

चुलीपाशी | बुधवार, दुपारी १:४०

दगडासारखी. पाक आत शिरत नाही.

ताणाबाणा | बुधवार, दुपारी १:४४

हेच मी महिनाभर रिळावर भोगलं, ताई.

जवारी, मिरज | बुधवार, रात्री १०:३०

आम्ही तंतुवाद्यांच्या कामातले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद अजून आहे. अनुभव सांगतो. पोलादी तार मधोमध क्वचित तुटते. तुटते ती खुंटीशी, जिथं वळण आहे तिथं, नाहीतर खाली तार अडकवायला जो फास करतो तिथं. नवीन कारागिराला पहिलं हेच शिकवतात की फास करताना तारेला मुरड पडू द्यायची नाही. तुमच्या तंतूला गाठ मारता येते का?

ताणाबाणा | गुरुवार, सकाळी ७:५०

तंतूचा कस गाठीतच लागतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढ पडते, आतल्या बाजूला दाब, आणि दोन्ही अगदी थोड्या जागेत. कार्बन फायबर ओढीत राजा आहे, पण घट्ट गाठ मारायला गेलात तर मोडतो. ग्राफीनच्या तंतूला मात्र गाठ मारता येते, २०११ च्या पहिल्या तंतूंनाही मारून दाखवली होती. आतले पापुद्रे वळणावर थोडे सरकतात आणि सुरकुततात, म्हणून ते निभावतं.

अजून एक पद्धत तुम्हाला आवडेल. २०१४ साली एका गटानं तंतू कातलाच नाही. ग्राफीन ऑक्साइडचा पातळ पडदा वाळवला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि आपण देवासाठी वात वळतो तशी पट्टी वळून तंतू केला. तो तुटण्याआधी ७६ टक्क्यांपर्यंत लांबला. बळ कमी, पण लांबणं अफाट. आजोबांच्या दोरातली युक्ती, पीळ उलगडत जातो तोवर वाखावर ओढच येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सगळं काम पिळानंच केलंय.

पवनचक्की_पाटण | गुरुवार, रात्री ८:०५

वनकुसवडे पठारावर देखभालीचं काम केलंय. पाती काचेच्या तंतूंची आणि रेझिनची. पाऊस, वारा, ऊन, सगळं खाऊन वर्षानुवर्षं फिरतात. तपासणीला दोरावर लटकून आम्ही बोटांनी टकटक करत जातो. तंतू तुटलेला सापडणं विरळा, सापडतं ते थर सुटलेलं. मागच्या कडेला जिथं दोन अर्धी पाती चिकटवलेली असतात तिथली चीर, किंवा आतला पापुद्रा सुटल्यामुळं येणारा बद्द आवाज. कारागीर म्हणून एवढंच सांगतो की तंतू कितीही भारी आणा, आम्ही दुरुस्त करतो ते सांधेच.

ताणाबाणा | गुरुवार, रात्री ८:४०

तुमची ही नोंद माझ्या मूळ लेखात असायला हवी होती.

नवी_वाट, सांगली | शुक्रवार, रात्री ११:१५

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा तीनदा वाचला. मला प्रकल्पासाठी असे तंतू करून बघायचे आहेत. ऑक्साइड करायची कृती नेटवर मिळाली आहे, सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट. कॉलेजात दोन्ही आहेत. सुरुवात कशी करू?

ताणाबाणा | शनिवार, सकाळी ६:३०

थांब. ती कृती आत्ता करू नकोस. ती १९५८ च्या हमर्सच्या पद्धतीवर आधारलेली आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लात परमँगनेट पडलं की मँगनीजचं एक ऑक्साइड तयार होतं, ते पंचावन्न अंशांच्या आसपास स्फोटासारखं फुटू शकतं. म्हणून भांडं बर्फात ठेवून परमँगनेट चिमटी-चिमटीनं, तापमापीवर डोळा ठेवून घालावं लागतं. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर यात हात घालायचा नाही. आमच्याच प्रयोगशाळेत एका मुलानं घाईत सगळं एकदम ओतलं होतं. काचेच्या आड होता म्हणून डोळे वाचले.

ग्राफीन ऑक्साइडचा तयार द्राव विकत मिळतो. पापुद्रे मोठे असलेला बघून थोडा मागव. मग धोक्याचं काम संपलं, विचाराचं उरलं. इंजेक्शनची बोथट सुई, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, हळू फिरणारं रीळ. ओला तंतू जवळजवळ सगळा पाणीच असतो, वाळताना खूप आकसतो. सैल वाळवलास तर तो वाळल्या मिरचीसारखा सुरकुततो आणि आत पोकळ्या राहतात. दोन्ही टोकं धरून, किंचित ताणून, सावकाश वाळव. माझे पहिले दोन महिने हे न कळल्यामुळं गेले.

प्रकल्पाला एकच प्रश्न घे. माझा सल्ला: द्रावणातलं कॅल्शियम कमी-जास्त करत जा आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी मोज, किती किलोला तुटला, किती मिलिमीटर लांबला, आणि पेन्सिलीभोवती गुंडाळला तर टिकला का. प्रत्येक प्रकारचे निदान वीस तंतू तोड, कारण ठिसूळ वस्तूचे आकडे फार विखुरतात, दोन-तीन तुकड्यांवर काही ठरवता येत नाही. कोणत्या मात्रेला बळ अजून वाढतंय पण गुंडाळताना मोडायला लागलाय, ती जागा तुला सापडली तर मला कळव. मी ती नीट मोजली नव्हती.

नवी_वाट | शनिवार, सकाळी ९:०५

बरं झालं विचारलं. द्राव मागवायची परवानगी सोमवारी सरांकडे मागते. पोलरायझर कुठं मिळतील?

कृष्णाकाठ, सांगली | शनिवार, सकाळी ९:४०

माझ्याकडे शाळेतल्या जुन्या पेटीतले दोन आहेत, चांगल्या स्थितीत. विश्रामबागेत राहतो, निरोप पाठव आणि घेऊन जा. अट एवढीच की त्या बाटलीतले पट्टे आधी मला दाखवायचे.